किती किलोमीटर, आणि किती खात्रीने

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि यान धूमकेतूजवळून नेण्याची सोबतची आकडेमोड मिळाली. कक्षांचं गणित (केप्लर, लॅम्बर्ट) आणि नव्या निरीक्षणांनी अंदाज सुधारत नेणारा कालमन फिल्टर हे तुला येतंय, त्यामुळे त्यावर शाई घालवत नाही. पण पहिल्याच पानावर धूमकेतूच्या केंद्रकाबद्दल, म्हणजे त्याच्या घट्ट बर्फाळ गाभ्याबद्दल, तू लिहिलं आहेस, ‘यान केंद्रकापासून २१२.४ किमी अंतरावरून जाईल.’ पुढे काहीच नाही. अधिक-उणे किती? कुठल्या दिशेला किती? वेळेत किती सेकंद इकडेतिकडे? आणि तो दशांशातला ४ कुठून आला? मीटिंगमध्ये असा आकडा मांडलास तर पहिला प्रश्न हाच येईल, म्हणून आत्ताच सवय लाव. आकडा एका ओळीत, त्याची चूक पुढच्या ओळीत, आणि ती चूक कशी काढली ते तिसऱ्या ओळीत.

लघुग्रह आणि धूमकेतू यांत नेव्हिगेशनच्या दृष्टीने एवढा काय फरक, हा तुझा मुख्य प्रश्न. लघुग्रह बहुतेक करून गुरुत्वाकर्षणाने आखलेल्या वाटेने जातो. धूमकेतूला स्वतःचं इंजिन असतं, आणि ते कधी, किती जोरात चालेल हे तुला विचारून ठरत नाही. उन्हाने बर्फाची थेट वाफ होते, वाफ एका बाजूने सुटते आणि केंद्रक उलट बाजूला ढकललं जातं. केंद्रक स्वतःभोवती फिरत असल्यामुळे सर्वांत जास्त वाफ ऐन दुपारी न सुटता दुपार कलल्यावर सुटते. आपल्याकडे सूर्य डोक्यावर बाराला असतो आणि जीव नकोसा होतो तीनला, तसंच. त्यामुळे धक्क्याचा थोडा भाग कक्षेच्या दिशेनेही पडतो, आणि तो फेरीगणिक साठत जातो. हॅले धूमकेतू दर फेरीला निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा सुमारे ४ दिवस उशिरा येतो तो याच कारणाने. एन्के हा धूमकेतू उलट लवकर यायचा, कारण धक्का कुठल्या बाजूला कलेल हे केंद्रकाच्या अक्षावर आणि फिरण्याच्या दिशेवर अवलंबून असतं.

हे गणितात बसवायची रूढ पद्धत मार्सडेन, सेकनिना आणि योमन्स यांची, १९७३ सालची. धक्क्याचे तीन भाग: ए-१ सूर्यापासून दूर, ए-२ कक्षेच्या प्रतलात त्याला काटकोनात, ए-३ प्रतलाबाहेर. आणि सूर्यापासूनच्या अंतरानुसार जोर कमी-जास्त करणारं एक फंक्शन, जे सुमारे २.८ खगोलीय एककांच्या (एक एकक म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर) पलीकडे झपाट्याने खाली येतं. हे फंक्शन पाण्याच्या बर्फासाठी आहे आणि सूर्याजवळ येताना-जाताना सारखंच धरलेलं आहे. खरा धूमकेतू तसा वागेलच असं नाही. हार्टली-२ च्या केंद्रकातून झोत निघत होते ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचे, आणि त्या बर्फाची वाफ व्हायला सूर्याच्या इतकं जवळ यायची गरज नसते. तेव्हा ए-१ आणि ए-२ सोडव, पण ए-३ ला हात लावण्याआधी बघ, की त्याच्यामुळे रेसिड्युअल (निरीक्षण आणि हिशेब यांतले फरक) खरंच सुधारतात की तो फक्त दुसऱ्या कुठल्या तरी चुकीचा कचरा गिळतोय. आणि शंभर वर्षांची निरीक्षणं एकाच फिटमध्ये, म्हणजे एकाच जुळणीत, कोंबू नकोस. शेवटच्या दोन-तीन फेऱ्या पुरेत. जुन्या फेऱ्यांत त्याचं इंजिन वेगळं चालत होतं. ती निरीक्षणं घेतलीस तर सिग्मा (अनिश्चिततेचा आकडा) छान बारीक दिसेल आणि उत्तर चुकीचं असेल.

आता जमिनीवरच्या निरीक्षणांकडे ये, कारण नवी माणसं हा भाग सर्वांत हलक्यात घेतात. एक कोनीय सेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे एका खगोलीय एककावर ७२५ किमी. धूमकेतू आकाशात तासाला ६० कोनीय सेकंद सरकत असेल आणि वेधशाळेचं घड्याळ १० सेकंद चुकलं असेल, तर १२० किमी गेले. ही चूक धूमकेतूच्या गतीच्या दिशेनेच पडते, म्हणून रेसिड्युअल उजवे-डावे न काढता गतीच्या दिशेने आणि तिच्या काटकोनात असे फिरवून काढ. एखाद्या वेधशाळेचे आकडे एकाच दिशेने सरकलेले दिसले की ताऱ्यांच्या यादीवर संशय घेण्याआधी घड्याळावर घे. ताऱ्यांच्या यादीचा प्रश्न गाया उपग्रहाच्या २०१८ च्या दुसऱ्या यादीनंतर बराच मिटला; त्याआधीची निरीक्षणं वापरायची असतील तर ती कुठल्या यादीवर मोजली हे बघून दुरुस्त करून घे, नाहीतर फिटमधलं त्यांचं वजन कमी कर.

पण खरा त्रास कोमाचा, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या वायू-धुळीच्या ढगाचा. दुर्बिणीला केंद्रक दिसत नाही. दिसतो तो धुळीचा उजेड, आणि तो शेपटीकडे ओढलेला असतो. निरीक्षकाने मोठं वर्तुळ टाकून उजेडाचा मध्य काढला, की तो मध्य शेपटीकडे सरकतो. म्हणून निरीक्षकांना तीन गोष्टी मागायच्या: मापनवर्तुळाची त्रिज्या, सर्वांत उजळ पिक्सेलचं स्थान वेगळं, आणि मूळ प्रतिमा. मूळ प्रतिमा मागायला संकोच करू नकोस. त्या मिळाल्या तर वर्तुळ लहान-लहान करत जा आणि मध्य कुठे स्थिरावतो ते पाहा. फिल्टरमध्ये वजन देताना सूर्य-शेपटीच्या रेषेत सिग्मा मोठा ठेव, काटकोनात लहान. दोन्हीकडे सारखाच ठेवलास तर तुझा एरर एलिप्स (अनिश्चिततेचं लंबवर्तुळ) नेमका त्या दिशेने बारीक होईल जिथे तो जाड असायला हवा.

हॅलेच्या वेळी हा प्रश्न कसा सोडवला ते नीट अभ्यास. जोत्तो या युरोपीय यानाला केंद्रकापासून काहीशे किलोमीटरवरून जायचं होतं आणि नुसत्या जमिनीवरच्या निरीक्षणांतली अनिश्चितता त्याच मापाची होती. सोव्हिएत संघाची व्हेगा-१ आणि व्हेगा-२ ही याने ६ आणि ९ मार्च १९८६ ला हॅलेपासून ८-९ हजार किमीवरून गेली. त्यांच्या कॅमेऱ्यांनी केंद्रक कुठल्या दिशेला आहे ते दाखवलं. पण ती दिशा व्हेगापासूनची, म्हणून व्हेगा स्वतः कुठे आहेत तेही तितकंच बारीक कळायला हवं होतं. ते काम नासाच्या अँटेनांनी दूर-दूरच्या दोन ठिकाणांहून एकाच वेळी सिग्नल ऐकून केलं. मग युरोपीयांनी जोत्तोचा नेम दुरुस्त केला. अनिश्चितता सुमारे ४० किमीवर आली आणि १४ मार्चला यान ५९६ किमीवरून गेलं. शीतयुद्धाच्या दिवसांत तीन पक्षांचे आकडे एका फिटमध्ये बसले, ही गोष्ट मला त्या मोहिमेतल्या चित्रांपेक्षाही मोठी वाटते.

यान कुठे आहे हे शोधणं त्यामानाने सोपं, म्हणून थोडक्यात. एक्स-बँडवर, म्हणजे ८.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, डॉप्लरवरून (सिग्नलच्या वारंवारतेतल्या बदलावरून) दृष्टिरेषेतला वेग सेकंदाला ०.१ मिमीपर्यंत मिळतो आणि रेंजवरून (सिग्नलला जाऊन-यायला लागलेल्या वेळेवरून) अंतर काही मीटरपर्यंत. दोन्ही फक्त दृष्टिरेषेत. आडव्या दिशेसाठी डेल्टा-डीओआर, म्हणजे दोन लांबच्या अँटेना आणि तुलनेला एखादा क्वेसार, म्हणजे आकाशात स्थिर दिसणारा अतिदूरचा रेडिओस्रोत. एक नॅनोरेडियन (कोनाचं अतिसूक्ष्म एकक) म्हणजे एका खगोलीय एककावर १५० मीटर. मोठ्या भेटीआधीच्या महिन्यात डेल्टा-डीओआरचं वेळापत्रक कुणी कापायला लागलं तर भांडायचं. (आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने २०१६ च्या ऑक्टोबरात मंगळावर उतरणाऱ्या स्कियापरेली यानाचा क्षीण सिग्नल थेट ऐकला होता. ते कक्षानिश्चितीचं काम नव्हतं, पण मोठ्या अँटेनांच्या शेजाऱ्यांशी ओळख ठेवावी.)

डॉप्लर बिघडवणारी गोष्ट म्हणजे बारीकसारीक धक्के. यान सरळ राहावं म्हणून थ्रस्टर (छोटी इंजिनं) फुसफुसतात. ते जोडीने, समोरासमोर असले तर धक्के एकमेकांना खोडतात. धूमकेतूची धूळ आणायला गेलेल्या स्टारडस्ट यानात थ्रस्टर एकाच बाजूला होते, कारण धूळ पकडणाऱ्या एरोजेलवर इंधनाचा थर बसायला नको होता. परिणाम असा, की यान नुसतं तोंड वळवायला गेलं तरी थोडं पुढे सरके. असले धक्के सेकंदाला १ मिमी एवढे जरी चुकीचे मोजले, तरी एका दिवसात ८६ मीटर आणि महिन्यात अडीच किलोमीटरच्या वर जातात. प्रत्येक फुसफुशीची वेळ आणि जोर यानाकडून मागून घे, फाइलीतलं एकक स्वतः तपास. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचं यान गमावलं ते याच जातीच्या फाइलीमुळे. न्यूटन-सेकंद हवे होते तिथे पौंड-सेकंद होते, आणि ४.४५ पटीची चूक महिनोन्‌महिने कुणाला खटकली असूनही पाठपुरावा झाला नाही.

एककांचा विषय निघालाच आहे तर घड्याळांचाही काढतो. तुझ्या आकडेमोडीत धूमकेतूची एफिमेरिस (तो कधी कुठे असेल त्याचा तक्ता) एका वेळेत आहे आणि प्रतिमांवरचे वेळेचे शिक्के दुसऱ्या. एफिमेरिस वेळ आणि यूटीसी (जगाची अधिकृत घड्याळवेळ) यांत २००४ साली ६४.१८४ सेकंदांचा फरक होता, आता ६९.१८४ आहे. स्टारडस्ट वाइल्ड-२ या धूमकेतूला सेकंदाला ६.१ किमीने भेटलं. ६४ सेकंद विसरलास तर ३९० किमी गेले, आणि ठरलेलं अंतर होतं अडीचशेच्या आसपास. जोत्तोच्या वेगाने, सेकंदाला ६८ किमीने, त्या वेळचा ५५ सेकंदांचा फरक पावणेचार हजार किलोमीटरचा होतो. तुझ्या तिसऱ्या पानावरचं कोडं, ‘रेसिड्युअल सगळीकडे सारखेच सरकलेत’, मला तरी यातलंच वाटतंय. तसंच अ‍ॅबरेशन, म्हणजे यानाच्या वेगामुळे दिशा सरकल्याचा भास, बघ. यान सेकंदाला ३० किमीने जात असेल तर तारे १०० मायक्रोरेडियन सरकलेले दिसतात. ताऱ्यांना दुरुस्ती लावली आणि धूमकेतूला नाही, असं झालं की १० लाख किमीवरून १०० किमीची खोटी चूक उभी राहते.

आता यानाचा कॅमेरा. शेवटच्या काही आठवड्यांत सगळी भिस्त यावर असते, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

तत्त्व सोपं: एकाच प्रतिमेत तारे आणि धूमकेतू. ताऱ्यांवरून कॅमेरा नेमका कुठे बघतोय ते कळतं, मग धूमकेतूची दिशा. अडचण अशी, की तारे उमटायला जास्त एक्स्पोजर लागतं आणि तेवढ्यात जवळ आलेलं केंद्रक जळून पांढरं होतं. म्हणून जोडी घ्यायची: एक लांब ताऱ्यांसाठी, लगेच एक आखूड केंद्रकासाठी, आणि मधल्या काळात यान किती हललं ते जायरोकडून (फिरणं मोजणाऱ्या उपकरणाकडून). प्रत्येक संधीला एकच प्रतिमा घेऊन थांबू नकोस. कॉस्मिक किरणांचे ठिपके हुबेहूब ताऱ्यांसारखे दिसतात आणि चार प्रतिमांत एकाच जागी न आल्यानेच ओळखू येतात. एक्स्पोजरमध्ये यान थोडं हललं तर ठिपक्याऐवजी वेलांटी उमटते. घाबरू नकोस, सगळ्या ताऱ्यांची आणि धूमकेतूची वेलांटी एकसारखीच असते. एका ठळक ताऱ्याची वेलांटी साचा म्हणून कापून घे आणि बाकीच्यांवर सरकवून जुळव.

स्टारडस्टच्या नेव्हिगेशन कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ५९ मायक्रोरेडियनचा. मध्य एक-तृतीयांश पिक्सेलपर्यंत काढता आला असं धर. १० लाख किमीवरून ती चूक सुमारे २० किमी, एक लाखावरून २ किमी. म्हणजे जितकं थांबशील तितकं बारीक कळेल. पण थांबायची किंमत बघ. नेम ५० किमीने सरकवायचा असेल तर १० दिवस आधी सेकंदाला ६ सेंमीचा धक्का पुरतो, एक दिवस आधी ५८ सेंमीचा लागतो आणि ६ तास आधी २.३ मीटरचा. मोठा धक्का म्हणजे त्याच्या अंमलबजावणीतली चूकही मोठी, आणि ती मोजून पुन्हा सुधारायला वेळ उरलेला नसतो. म्हणून दुरुस्त्यांचं वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी ठरतं आणि प्रत्येकीची डेटा-कटऑफची (नवी माहिती घेणं थांबवायची) वेळही. कटऑफनंतर आलेली सुंदर प्रतिमा त्या दुरुस्तीत घालायचा मोह होईल. घालू नकोस. त्या घाईत अक्षर चुकतं, चिन्ह चुकतं. अपवाद एकच: नवी प्रतिमा सांगत असेल, की ठरलेली दुरुस्ती यानाला धोक्यात नेते आहे. तेव्हाही दुरुस्ती बदलायची नसते, रद्द करायची असते.

आणखी एक हिशेब करून बघ. वाइल्ड-२ चं केंद्रक साधारण ५ किमीचं. त्या कॅमेऱ्यात ते एका पिक्सेलएवढं होतं सुमारे ८४ हजार किमीवर, म्हणजे भेटीला चार तासांहून कमी उरलेले असताना. जमिनीवरून नीट आखलेली, तपासलेली दुरुस्ती पाठवायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणजे माणसांनी घेतलेले सगळे निर्णय धुळीच्या उजेडातल्या एका ठिपक्यावर झाले. त्या ठिपक्याचा मध्य म्हणजे केंद्रकाचा मध्य नव्हे, हे सिग्मात दिसायला हवं. सूर्याकडच्या बाजूचा झोत उजळ असतो. जोत्तोच्या कॅमेऱ्याला सर्वांत उजळ गोष्टीचा माग काढायला सांगितलं होतं, आणि तो केंद्रक सोडून झोताच्या मागे गेला. हॅलेचं केंद्रक कोळशासारखं काळं निघालं.

कॅमेऱ्याची तब्येतही तुझ्याच खात्यात धर. स्टारडस्टच्या भिंगांवर यानातूनच सुटलेल्या वाफेचा थर बसला होता. हीटर आणि ऊन वापरून तो वारंवार घालवावा लागला. डीप इम्पॅक्ट यानाचा मोठा कॅमेरा उड्डाणानंतर फोकसबाहेर असल्याचं कळलं. डीप स्पेस-१ यानाचा स्टार ट्रॅकर (ताऱ्यांवरून दिशा ओळखणारा कॅमेरा) १९९९ मध्ये बंद पडला, तेव्हा विज्ञानाच्या कॅमेऱ्यालाच ताऱ्यांकडे बघायचं काम शिकवून २००१ मध्ये बोरेली धूमकेतूची भेट पार पाडली. म्हणून वाटेत एखादा लघुग्रह मिळाला तर रंगीत तालीम सोडू नकोस. स्टारडस्टने २००२ च्या नोव्हेंबरात अ‍ॅनफ्रँकवर ती केली.

प्रतिमेतून जे मुळीच कळत नाही ते म्हणजे अंतर. सरळ अंगावर येणाऱ्या गोष्टीकडे बघताना ती किती लांब आहे हे कळायला बाजूचा कोन लागतो, आणि तो मिळतो अगदी शेवटी. त्यामुळे बी-प्लेनवरचे (यानाच्या वाटेला काटकोनात, लक्ष्यातून जाणाऱ्या प्रतलावरचे) दोन आकडे काही किलोमीटरपर्यंत येतात आणि भेटीची वेळ मात्र कित्येक सेकंदांनी ढिली राहते. स्टारडस्टच्या भेटीत सर्वांत जवळच्या क्षणी, २३७ किमीवर, केंद्रक सेकंदाला दीड अंश या वेगाने आडवं गेलं. वेळ १० सेकंदांनी चुकली असती तर कॅमेरा १४ अंश भलतीकडे बघत राहिला असता. म्हणून त्या शेवटच्या मिनिटांत केंद्रकाचा पाठलाग यानातल्या प्रोग्रॅमवर सोपवतात. प्रोग्रॅमचं काम नेम बदलण्याचं नसून मान वळवण्याचं असतं, हे मीटिंगमध्ये स्पष्ट सांग. लोक दोन्ही एकच समजतात.

नेमही यानानेच बदलल्याचं उदाहरण डीप इम्पॅक्ट. ४ जुलै २००५ ला ३७० किलोचा ठोकळा टेम्पेल-१ धूमकेतूवर सेकंदाला १०.२ किमीने आदळवायचा होता. तो भेटीच्या २४ तास आधी, ८ लाख ८० हजार किमीवरून सोडला. शेवटच्या दोन तासांत तो दर १५ सेकंदांनी प्रतिमा घेत होता आणि ९० मिनिटं, ३५ मिनिटं आणि साडेबारा मिनिटं उरली असताना त्याने स्वतः दुरुस्त्या केल्या. प्रकाशाला तिथून पृथ्वीवर यायला साडेसात मिनिटं लागत होती. प्रतिमा येणार आणि आज्ञा परत जाणार यातच पंधरा मिनिटं जातात, म्हणून साडेबारा मिनिटांची दुरुस्ती माणसाच्या हातची नव्हतीच. पण ऑटोनॅव्हवर, म्हणजे यानाच्या या आपोआप नेव्हिगेशनवर, भाळून जाऊ नकोस. त्याला दिलेली सुरुवातीची स्थिती जमिनीवरच्या फिटमधून आली होती, आणि ती भलती असती तर केंद्रक त्या कॅमेऱ्याच्या चौकटीतही आलं नसतं.

किती जवळून जायचं हे धूळ ठरवते. ढोबळमानाने अंतर निम्मं केलं की धुळीची दाटी चौपट. सेकंदाला ६८ किमीने एक ग्रॅमचा कण आदळला तर सुमारे २३ लाख ज्यूल, म्हणजे अर्धा किलो टीएनटीपेक्षा थोडं जास्त. जोत्तोला पुढे १ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि २५ सेंमी मागे १२ मिमी केव्हलारचा थर होता. कण पत्र्यावर फुटून वाफ व्हावा आणि मागच्या थराने ती वाफ झेलावी, अशी योजना. तरीही भेटीच्या काही सेकंद आधी बसलेल्या दणक्याने यान डगमगलं, अँटेनाचं तोंड पृथ्वीवरून हललं आणि सुमारे अर्धा तास सिग्नल तुटत राहिला. शास्त्रज्ञ ‘अजून जवळ’ म्हणतील, यानवाले ‘अजून लांब’. तू कुणाचीच बाजू घेऊ नकोस. ढालीची दिशा किती अंश चुकू शकते आणि अंतर किती किलोमीटर, हे दोनच आकडे समोर ठेव.

धूमकेतूजवळ राहायचं असेल तर सगळंच उलटतं. रोझेटा या युरोपीय यानाला मे ते ऑगस्ट २०१४ मध्ये १० वेळा इंजिन चालवून सापेक्ष वेग सेकंदाला ७७५ मीटरवरून १ मीटरच्या आसपास आणावा लागला. त्यातलं एकट्या २१ मेचं प्रज्वलन सात तासांहून जास्त चाललं. ६ ऑगस्टला यान १०० किमीवर पोचलं तेव्हा ६७पी या त्या धूमकेतूचं वस्तुमान नीट माहीत नव्हतं. पाण्यात म्हैस आणि वर मोल, अशी स्थिती. मग कक्षेत कसं शिरायचं? शिरलेच नाहीत. धूमकेतूच्या पुढ्यात त्रिकोण आखून त्याच्या बाजूंवरून यान तीन-चार दिवस सरळसोट नेलं, कोपऱ्यावर वळवलं, पुन्हा तीन-चार दिवस. वळणं बुधवारी आणि रविवारी, म्हणजे माणसांनाही आठवड्याचं वेळापत्रक. प्रत्येक बाजूवरचा वेग त्या अंतरावरच्या मुक्तिवेगापेक्षा (ओढीतून सुटायला लागणाऱ्या वेगापेक्षा) जास्त होता. १०० किमीवर मुक्तिवेग सेकंदाला फक्त साडेअकरा सेंमी. एखादं वळण हुकलं असतं तर यान धूमकेतूवर न पडता दूर निघून गेलं असतं. हे नीट लक्षात ठेव: आखणी अशी करायची, की काहीच न घडणं हे सर्वांत सुरक्षित घडणं ठरावं.

त्या वाकड्या रेषांवरून वस्तुमान सुटलं, सुमारे १०^१३ किलो. मग सप्टेंबरात ३० किमी. तिथला कक्षावेग सेकंदाला १५ सेंमी, मुंगीपेक्षा जास्त पण बाळाच्या रांगण्याइतकाच, आणि एका फेरीला १४-१५ दिवस. इतक्या हलक्या गुरुत्वाकर्षणात सूर्यप्रकाशाचा दाबही हिशेबात मोठा होतो. ६४ चौरस मीटरची पॅनेलं. साडेतीन खगोलीय एककांवर प्रकाशाचा धक्का १०० किमीवरच्या धूमकेतूच्या ओढीच्या साधारण पाव. पॅनेलचा कोन आणि परावर्तन मॉडेलमध्ये ढिसाळ असेल तर तुझं वस्तुमान चुकेल आणि रेसिड्युअल तरीही सरळ दिसतील.

कॅमेऱ्याचं कामही बदलतं. रोझेटाच्या नॅव्हकॅमचा पिक्सेल ८५ मायक्रोरेडियनचा, १०० किमीवरून साडेआठ मीटर. चार किलोमीटरचं केंद्रक जवळजवळ पाचशे पिक्सेल भरतं, आणि दोन गोळे जोडलेल्या त्या आकाराचा मध्य काढण्यात अर्थ उरत नाही. मग खुणा: दगड, कडे, खळगे. प्रत्येक खुणेचं स्थान, केंद्रकाचा अक्ष, १२.४ तासांचं फिरणं आणि यानाची कक्षा हे सगळं एकाच फिटमध्ये सोडवायचं. सावली सरकली की खूण सरकल्याचा भास होतो, म्हणून एकाच खुणेचे वेगवेगळ्या उन्हातले नमुने ठेव.

रोझेटाने धूमकेतूवर उतरवलेल्या फिलेला स्वतःला वळवायची सोय नव्हती. नेम सगळा रोझेटाचा. १२ नोव्हेंबर २०१४ ला २२.५ किमीवरून सोडल्यावर सात तासांनी तो टेकला. सोडताना सेकंदाला १ सेंमीची चूक म्हणजे जमिनीवर अडीचशे मीटर. पहिला स्पर्श ठरलेल्या जागेपासून सुमारे १२० मीटरवर झाला. पुढे जमिनीत रुतायचे हार्पून सुटले नाहीत आणि तो उसळला, पण ते खातं आपलं नाही.

आणि धूळ इथेही पाठ सोडत नाही, फक्त रूप बदलते. २८ मार्च २०१५ ला रोझेटा १४ किमीवरून गेलं तेव्हा उन्हात चमकणारे धुळीचे कण स्टार ट्रॅकरला तारे वाटले. खरे तारे ओळखता येईनात, दिशा ढळली, यान सेफ मोडमध्ये (फक्त जीव राखण्याच्या अवस्थेत) गेलं आणि नंतर सुमारे ४०० किमीवर मागे घ्यावं लागलं. वायूचा झोतही पॅनेलांवर शिडासारखा बसतो. तेव्हा सूर्याजवळ येणाऱ्या धूमकेतूसाठी ‘किमान अंतर’ असा एकच आकडा लिहू नकोस. तो दर आठवड्याला नव्याने काढावा लागतो.

आता तुझं काम. त्याच आकडेमोडीची एकाऐवजी पाच उत्तरं काढ: फक्त रेडिओ आणि जमिनीवरची निरीक्षणं, फक्त रेडिओ आणि यानाच्या प्रतिमा, सगळं मिळून, सगळं पण शेवटचे तीन दिवस वगळून, आणि ए-१, ए-२ गोठवून. पाचही बी-प्लेनवर एकाच कागदावर काढ, प्रत्येकाचा एलिप्स घेऊन. कुठलीही दोन उत्तरं दोन सिग्मांपेक्षा लांब पडली तर सिग्मा खोटा आहे असं समज आणि तो कुठल्या माहितीने खोटा केला ते एकेक काढून शोध. मध्य सरासरीवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. रेसिड्युअल फार सपाट आले तरी तोच संशय घे. तुझी वजनं कदाचित निरीक्षणांतला गोंगाटच (यादृच्छिक चूक) गिळतायत.

ते झालं की रोझेटाच्या नॅव्हकॅम प्रतिमा आणि स्पाइस कर्नल (यानाच्या स्थान-दिशेच्या फाइली) दोन्ही मोफत मिळतात, ते उतरवून घे. ऑगस्ट २०१४ मधल्या पहिल्या आठवड्यातल्या दहा प्रतिमा निवड, केंद्रकाचा मध्य तीन पद्धतींनी काढ (उजेडाचा मध्य, बाह्यरेषेचा मध्य, शेप मॉडेल जुळवून) आणि कर्नलमधल्या मध्याशी फरक पिक्सेलमध्ये मांड. तीन रकाने, दहा ओळी, आणि प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उणे. पाठवण्याआधी वेळेचे शिक्के कुठल्या घड्याळातले आहेत ते वर मथळ्यातच लिही.

कळावे.